चेहरा की रुजाकची थाळी?

आर्बायाकडे पुपूर घ्यायला जायचं म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवायची. मार्तापुरा नदीवर उजाडता उजाडता होड्यांचा बाजार भरतो. त्यात बाकीच्यांच्या होड्यांत केळी, वांगी, मासे आणि हिच्या होडीत नुसत्या टोपल्या. टोपल्यांत बोराएवढ्या गोळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, तपकिरी. गोळी तळहातावर घ्यायची, दोन थेंब पाणी टाकून चोळायची आणि तोंडाला फासायची, की झाला पुपूर. नदीकाठची बाई दुपारपर्यंत तोंडाला पुपूर फासूनच वावरते. तशीच वल्हं मारते, तशीच भाव करते, तशीच भांडते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण आर्बाया मुकाट्यानं गोळी हातात ठेवेल तर शपथ! आधी ती गिऱ्हाइकाची हनुवटी धरणार, अंगठ्यानं गाल घासणार, डोळे बारीक करणार आणि मग तोंडाचा पट्टा सोडणार.

"नाक बघ तुझं! केळ्याची भजी तळून निघतील एवढं तेल आहे. तुला ही पिवळी, बंगकालच्या झाडाच्या सालीची. आणि रोज फासू नकोस, एक दिवसाआड लाव. नाहीतर तेलाबरोबर जीवही सुकेल."

"आणि तू गं? तू त्या शहरातल्या गार दुकानात बसतेस ना दिवसभर? कातडी तहानलीये तुझी. बंगकालला हात लावशील तर खबरदार! तुला तांदूळ, तोही नारळाच्या दुधात कालवून. आणि पूर्ण वाळायच्या आत धुवायचा. वाळवून तडे पाडायला ते काय शेत आहे?"

"आचिल, मला जरा गोरं व्हायचंय," एखादी पोर लाडात येऊन म्हणायची.

"मग दुसरी आई बघायची होतीस. उन्हाचे डाग पडलेत तेवढे या कंदाच्या पुपूरनं फिके होतील. बाकीचा रंग तुझ्या बापाचा आहे, तक्रार त्याच्याकडे कर."

सगळे तिला आचिल म्हणायचे, म्हणजे मावशी. आणि मावशीचा एक नियम होता, एका वेळी एकच पुपूर. कुणी म्हणालं, 'हळदीचाही द्या, बंगकालचाही द्या, कचोऱ्याचाही द्या,' की तिचं डोकंच फिरायचं. "चेहरा आहे की रुजाकची थाळी? पपई घाल, अननस घाल, काकडी घाल, वरून तिखट गूळ ओत! जा, काही मिळणार नाही."

शेजारच्या होडीतून मास्तूरा केळी विकायची. ती आर्बायाची लहानपणापासूनची मैत्रीण, त्यामुळे तिला बोलायला भीती नव्हती. "आर्बाया, लोक तुझ्याकडे पुपूरला येतात की शिव्या खायला?"

"शिव्या फुकट असतात. म्हणून गर्दी."

अशी ही बाई. आता सांगा, हिनंच रुजाकची थाळी करून ठेवावी आणि तीही पोटच्या मुलीच्या तोंडाची? पण केली खरी.

त्याचं असं झालं. आर्बायाची मुलगी नोराइदा, घरातली आलुह, म्हणजे लाडकी लेक. होडी वल्हवायला रोज तीच असायची. वरच्या अंगाला होड्या बांधणाऱ्यांची वस्ती आहे, तिथला जुम्बेरी गेल्या पावसाळ्यात यांच्या होडीची फळी बदलायला आला होता. एक फळी बदलायला त्यानं इतका वेळ लावला की आर्बायाला आधी वाटलं, पोराला काम येत नाही. मग तिनं मुलीचं तोंड पाहिलं आणि तिला कळलं, की काम चांगलं येतं. नोराइदानंही आडपडदा ठेवला नाही. "आई, त्यांच्याकडून कुणी आलं तर नाही म्हणू नकोस," एवढंच म्हणाली आणि कान लाल करून भांडी घासायला पळाली. इतकी वर्षं आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी मुलगी ती! आर्बायाला त्या दिवशी भात गोड लागला.

मग एका सकाळी मास्तूरानं होडी जवळ घेतली आणि कानाशी तोंड आणलं. "ऐकलंस? तुमच्याकडे बासासुलुह होणार आहे."

मुलगी मागायला माणसं वाजतगाजत येतात, पण ती नंतर. त्याच्या आधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप येतं, ओळख न देता बघून जातं. मुलगी बोलते कशी, घर कसं, आई कशी. त्याला बासासुलुह म्हणतात. कोण येणार, कधी येणार, हे कुणी सांगत नाही, आणि मनाला आलं नाही तर पुढं काहीच होत नाही. नकार नाही, निरोप नाही. नुसतं गप्प.

"कोण येणारे?"

"ते सांगितलं तर मग बासासुलुह कसलं?" मास्तूरा म्हणाली आणि केळी विकायला लागली.

नेमका त्याच दिवशी नोराइदाच्या हनुवटीवर एक पुटकुळी आली. एकच, मोहरीएवढी. दुसऱ्या कुणाची असती तर आर्बाया म्हणाली असती, 'हात लावू नकोस, जाईल.' पण ही आपल्या मुलीची पुटकुळी, आणि तीही बासासुलुहच्या तोंडावर! संध्याकाळी तिनं बंगकाल लावला. सकाळी पुटकुळी तिथंच. मग म्हणाली, थोडं तेज येऊ दे, म्हणून हळद. मग वल्हं मारून मारून कपाळ रापलंय, म्हणून कंद. कंदानं लाली आली, ती बसावी म्हणून कचोरा. कचोऱ्यानं आग झाली, ती निवावी म्हणून तांदूळ. एका पुटकुळीच्या मागे अशी हात धुवून लागली की तिच्या नाकी नऊ आले आणि पुटकुळीला मात्र गावभरचे नातेवाईक येऊन मिळाले.

"आई, तूच म्हणतेस ना, एका वेळी एकच—"

"ते गिऱ्हाइकांसाठी. तू गप्प बस."

शेवटी दोन्ही गाल लालबुंद झाले. मग आर्बायानं तांदळाचा पुपूर इतका जाड थापला की आत मुलगी आहे हे डोळ्यांवरून कळायचं. कुठं दुसरीकडे असती तर लोकांनी चौकशी केली असती. इथं कोण विचारतंय? सगळ्याच जणी पांढऱ्या.

"हसू नकोस हं, तडे जातात," आर्बाया बजावायची.

"बासासुलुहला आलेल्या बाईनं काही विनोद केला तर?"

"तर डोळ्यांनी हस."

आणि बाजारात जरा अनोळखी माणूस दिसलं की आर्बायाच्या जिभेवर साखर. एका बदकं विकणाऱ्या बाईला तिनं 'तुमची बदकं किती सालस आहेत' म्हटलं, तेव्हा मास्तूराच्या घशात चहा अडकला.

आणि मग एका सकाळी ती आली. आर्बायाला तर खात्रीच पटली. गुबगुबीत बाई, हातात सोन्याच्या बांगड्या, भाड्याच्या होडीत ऐसपैस बसलेली. पुपूर नव्हता, म्हणजे बाजारकरीण नव्हे. आली ती सरळ आर्बायाच्या होडीला होडी लावून, आणि सुरू.

"हे सगळं तुम्ही घरीच करता? घर कुठं? मोठं आहे का? आणि ही कोण, मुलगी? लग्न झालंय?"

आर्बायानं मास्तूराकडे डोळे मोठे करून पाहिलं. मास्तूरानंही भुवया उडवल्या. मग काय, सुटलीच आर्बाया.

"माझी आलुह हो! तांदूळ भिजवण्यापासून गोळ्या वळण्यापर्यंत सगळं तिचंच. स्वयंपाक म्हणाल तर हिच्या हातच्या मासळीच्या रश्श्याला शेजारी ताट घेऊन येतात. आवाज तर कधी चढतच नाही हिचा."

"आई!" नोराइदा मागून ओरडली.

"चढला तरी गोड असतो. घ्या ना, हा पुपूर घ्या. हाही घ्या. अहो, पैसे कसले? तुमच्याकडून पैसे घ्यायचे?"

बाईनं तिथंच पदर पसरावा तशी पिशवी उघडली. आर्बाया पुड्या टाकतेय आणि बाई 'पुरे' म्हणत नाही.

या गडबडीत दुसऱ्या बाजूनं एक जुनी होडी धाडकन येऊन आदळली. टोपल्या हिंदकळल्या. होडीत एक वयस्क बाई, डोक्यावर सुपाएवढा विटका टोप, तोंडावर पुपूर, तोही कुठं पिवळा, कुठं पांढरा, कुठं पोपडे सुटलेला.

"मला कधी बघणार? कधीची थांबलेय."

"थांबा जरा, जुलाक," आर्बाया म्हणाली. वयानं मोठी दिसली म्हणून जुलाक म्हटलं, नाहीतर दुसरंच काही म्हणाली असती.

"का थांबू? ती फुकट नेतेय, मी विकत घेणारे."

गुबगुबीत बाई खिदळली. आर्बायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या म्हातारीला लवकर वाटेला लावलेलं बरं, म्हणून तिनं तिची हनुवटी धरली आणि जबड्यापाशी अंगठ्यानं पुपूर खरवडला. झालं! एकदा कातडी दिसली की या बाईला पुढचं मागचं काही दिसत नाही.

"उमाई! काय करून घेतलंय हे? वाळलेली मासळी बरी! काय काय फासता?"

"सकाळी हळद. मग कुणी म्हणालं बंगकाल. मग सुरकुत्यांना कचोरा. लिंबूही पिळते त्यात."

"लिंबू! कोशिंबीर करताय का? जुलाक, तुमची कातडी मुळात कोरडी. बंगकाल तेलकट माणसाचं काम, तुम्ही कशाला? हळदीनं कोरडी, लिंबानं सोललेली, आणि खाली बघा, लालेलाल झालंय. चेहरा आहे की रुजाकची थाळी?"

"मग आता काय लावू?"

"काही नाही."

"काही नाही?"

"तोंड धुवा आणि गप्प बसा. आठवडाभर त्याला काहीसुद्धा लावू नका. कातडीला श्वास घेऊ द्या बिचारीला. मग फक्त तांदूळ, पातळ. आज मी तुम्हाला काही देणार नाही. पैसे दिलेत तरी नाही."

म्हातारीनं जबड्यावरून हात फिरवला. मग तिची नजर हळूच होडीच्या मागच्या टोकाला गेली. नोराइदा वल्हं धरून ताठ बसली होती, चुना मारलेल्या भिंतीसारखी.

"आणि ही?"

"ही माझी मुलगी."

"ते दिसतंय. हिच्या तोंडावर एवढा जाड कशाला?"

"नाजूक आहे कातडी. उन्हाचं जपावं लागतं."

"ऊन अजून झाडांच्या वर आलं नाही," म्हातारी म्हणाली. "खाली लाल दिसतंय. गळ्यापाशी. हिला काय काय लावलंस?"

आर्बायानं उगाच टोपल्या सारख्या करायला घेतल्या. मास्तूराला आयुष्यात पहिल्यांदा केळी मोजावीशी वाटली. आणि गुबगुबीत बाई, जिच्या एका शब्दावर मुलीचं लग्न टांगलं होतं, ती पिशवी मांडीवर ठेवून कान देऊन ऐकत होती.

"काही नाही हो. तांदूळच," आर्बाया कशीबशी म्हणाली.

"मग धू बघू तिचं तोंड. तिचं धुतलंस तर मी माझं धुईन. मला सांगतेस तोंड धुवा, आणि स्वतःच्या पोरीला लिंपून बसवलंयस. कुठलं खरं धरायचं माणसानं?"

आता इथं आर्बायाला खोटं बोलायला शंभर वाटा होत्या. जिभेला कधी हाड नव्हतंच. तिनं तोंड उघडलं आणि वळून मुलीकडे पाहिलं. नोराइदाच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. हसू नको म्हटलं होतं, रडू नको म्हणायचं राहून गेलं होतं. पाण्यानं पुपूरमधून एक वाट पाडली होती, आणि त्या वाटेत खाली कातडी कच्च्या मांसासारखी लाल होती.

आर्बाया पुढं वाकली.

"आग होतेय का गं?"

"होतेय."

"कधीपासून?"

"कचोरा लावलास तेव्हापासून." नोराइदा खाली बघत म्हणाली. "पण तू एवढी धडपडत होतीस, आई. मला सांगवेना."

बाजारातल्या पोरीची पुटकुळी लांबून ओळखणारी बाई, आणि रोज रात्री ज्या गालांवर हात फिरवला, त्यांची आग हिच्या अंगठ्याला कळली नाही. आर्बायाला स्वतःचा असा राग आला की तिला गुबगुबीत बाई दिसेना, बांगड्या दिसेनात, जुम्बेरीची सगळी वस्ती दिसेना. ती टोपल्या ओलांडून मागे गेली. होडी डुगडुगली. पिण्याच्या पाण्याची बुधली उघडून तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि बाळाचं धुवावं तसं मुलीचं तोंड धुवायला लागली.

"आई, लोक बघताहेत," नोराइदा कुजबुजली. "आणि ती बाई..."

"बघू दे. नाही आवडली तर त्यांचं नशीब फुटकं. चुकलं माझं, आलुह. माझंच डोकं फिरलं होतं. अक्कल गहाण टाकली होती मी."

पुपूर गेला आणि खालचा चेहरा उघडा पडला. फोड, चट्टे, सुजलेली हनुवटी. गुबगुबीत बाई "अगं बाई!" म्हणाली, होडीवाल्याला तिनं खूण केली आणि निघाली. पुड्या मात्र विसरली नाही.

"झालं," मास्तूरा हळूच म्हणाली. "गेलं स्थळ."

आर्बायानं ओढणीच्या टोकानं मुलीचं तोंड टिपलं. नोराइदानं एक लांब श्वास घेतला आणि बऱ्याच दिवसांनी हसली. चट्टे ताणले गेले, दुखलं, तरी हसली.

म्हातारीनं आपली होडी सोडली. "मी घरी जाऊन धुते. बोलले तसं करते मी," म्हणाली. "आज काही दिलं नाहीस, पण पाहिलंस तर खरं. हे घे." आणि संत्र्यांचा एक घोस आर्बायाच्या टोपलीत टाकून वल्हं मारत निघून गेली. ना नाव, ना गाव.

दुसऱ्या दिवशी गुबगुबीत बाई पुन्हा बाजारात हजर! या वेळी सोबत बहीण, वहिनी आणि आणखी दोघी. शहरातून बाजार बघायला आलेली बाई होती ती, घरी जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं होतं की नदीवर एक वेडी आहे, पुपूर फुकट वाटते. आर्बायानं त्यांना जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण बाई निघून गेल्यावर ती बाजारातल्या एकेका होडीत डोकावून बघायला लागली. ही नव्हती, तर मग कोण? की कुणी आलंच नाही?

आठवडा गेला. नोराइदाच्या तोंडाला काहीही लावायचं नाही असा हुकूम सुटला होता, आणि आर्बायाचे हात शिवशिवायचे म्हणून तिनं घरातल्या सगळ्या गोळ्या मास्तूराकडे नेऊन ठेवल्या. चट्टे निवले. फोड सुकले. डाग मात्र राहिले, आणि ती मूळची मोहरीएवढी पुटकुळी आपोआप गेली, कधी गेली ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

आणि एका दुपारी घरासमोर होड्या लागल्या. ताटांत वड्या, केळी, कापड. जुम्बेरीची माणसं रीतसर मुलगी मागायला आली होती. आर्बाया उकडलेल्या रताळ्यासारखी मऊ होऊन दारात उभी राहिली. सर्वांत पुढं जुम्बेरीची आई, हज करून आलेली हज्जा सम्सिया. डोक्यावर पांढरा स्वच्छ रुमाल, तोंडावर काही नाही. सलाम झाला, बसायला चटया झाल्या, चहा झाला. मग हज्जानं सरळ हनुवटी पुढं केली.

"बघ की. कशाला लाजतेस?"

आर्बायाचा अंगठा आपसूक वर गेला. जबड्यापाशी टेकला, आणि तिथंच थांबला. कोरडी कातडी, लिंबानं सोललेली जागा, आता भरत आलेली.

"उमाई... तुम्ही?"

"आठवडाभर काही लावलं नाही. तू सांगितलंस तसं. आता तांदूळ देणार आहेस की अजून शिव्याच?"

चटईवरची माणसं हसायला लागली. आर्बायाचं पाणी पाणी झालं. मासळी म्हटलं होतं हिला! कोशिंबीर म्हटलं होतं!

"पण त्या दिवशी..." आर्बायानं अंगठा मागे घेतला. "आलुहचा चेहरा तसा... आणि मी खोटं बोलले तुमच्याशी..."

"बोललीस. मी निघणारच होते." हज्जानं चहाचा घोट घेतला. "आमच्याकडे होडी पाण्यात उतरवून पाहिल्याशिवाय रंग देत नाहीत. रंगाखाली भेग लपते. तू रंग दिला होतास खरा. पण सगळ्या बाजारासमोर खरवडलास. स्थळ जाईल हे माहीत असून. तेव्हा म्हटलं, इथंच." मग आत दाराआड उभ्या नोराइदाकडे पाहून म्हणाली, "आणि चेहऱ्याचं म्हणशील, तर तो माझ्या पोरानं आधीच पाहिलाय. एका फळीला तीन दिवस लावले होते गाढवानं."

नोराइदा दाराआडून फस्सकन हसली. तिच्या गालावरचे डाग स्पष्ट दिसत होते आणि तिनं ते झाकले नाहीत.

बोलणी झाली, दिवस ठरला. आता लग्नाआधी मुलीनं घराबाहेर पडायचं नाही, वाफ घ्यायची, अंगाला सुगंधी उटणं लावायचं, तोंडाला पुपूर लावायचा, ही सगळी रीत आली. आर्बायाचे डोळे लकाकले.

"मी म्हणते, आधी थोडी हळद, तेज येतं. मग कंद, डाग जातील. आणि वरून—"

इकडून हज्जा बघत होती, तिकडून नोराइदा. दोघींच्या भुवया एकसारख्या वर गेलेल्या. लग्न अजून लागलंही नव्हतं आणि सासू-सुना एक झाल्या होत्या.

आर्बायानं तोंड मिटलं. उठली, मास्तूराच्या घरून आणलेली टोपली काढली, तिच्यातून तांदळाची एक पांढरी गोळी निवडली. घराची माती, आईचे हात, सगळं लवकरच मागं ठेवून जाणार होती ही पोर. आर्बायानं गोळी मुलीच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटली.

"एकच," ती म्हणाली. "आणि तूच लाव. आग झाली तर मला सांगायचं, आलुह. लगेच सांगायचं."